मागचे तांबडे दिवे

किल्ली काढून वाहन उभें केलें तरी मागचे तांबडे दिवे जळतच राहतात, तेव्हां लोक धन्यास विसराळू म्हणतात. हा अन्याय आहे. त्या दिव्यांस हातानें लावावयाची कळच नसते! ब्रेकच्या पेडलच्या माथ्याशीं एक लहानसें बटण असतें. पाय उचलला कीं पेडल मागें येऊन तें दाबतें व दिवे विझतात. पुष्कळ गाड्यांत बटण टेकतें तेथें पेडलच्या पत्र्यास भोंक असून त्यांत प्लास्टिकची वा रबराची गुंडी असते. ती कालांतरानें ठिसूळ होऊन फुटते, बटणाची दांडी भोंकांतून आरपार जाते, आणि गाडीस वाटतें कीं पाय अद्याप दाबलेलाच आहे.

२१ वॉटचे दोन दिवे १२ व्होल्टांच्या बॅटरींतून साडेतीन अँपिअर ओढतात. रात्र सरतां बॅटरीही सरते. आमच्या कारागिरानें नवी बॅटरी घेण्याचा सल्ला दिला. आम्हीं त्यास पायाखालच्या चटईवर सांपडलेले गुंडीचे तुकडे दाखविले. बॅटरीचें दुःख बेताचेंच. भय वाटलें तें मागून येणाराचें. सदैव जळणाऱ्या दिव्यांवरून आम्ही थांबत आहों हें त्यानें ओळखावें कसें?

नवी गुंडी बसविली, मुलीस गाडीमागें उभें केलें आणि पेडल दाबून विचारलें.

“पेटले.”

पाय उचलला.

“विझले.”