अंगठ्याखालची बाराखडी

वस्तूने माणसाशी जुळवून घ्यावे की माणसाने वस्तूशी, हा डिझाइनमधला मूळ प्रश्न. मराठीत त्याचे उत्तर देवनागरी कळफलकावर पाहायला मिळते.

टाइपरायटरच्या काळात जुळवून घ्यायचे ते माणसाने. अर्धी अक्षरे, काना, मात्रा वेगवेगळ्या कळांवर विखुरलेल्या. मिनिटाला 30 किंवा 40 शब्दांची सरकारी परीक्षा द्यायची तर क्लास लावणे भागच. पुढे संगणकावर इनस्क्रिप्ट हा कळफलक आला. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने, अशी त्याची मांडणी तर्कशुद्ध. पण तीही शिकावी लागतेच.

पवईच्या आयआयटीत 1969 साली इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर सुरू झाले. तिथे प्रा. अनिरुद्ध जोशी आणि सहकाऱ्यांनी उलट बाजूने विचार केला. मराठी माणूस वर्णमाला आणि बाराखडी पहिलीपासून डोक्यात घेऊनच येतो, मग ती त्याला पुन्हा का शिकवायची? आधी 'कीलेख' आणि नंतर फोनसाठी 'स्वरचक्र' हे कळफलक या विचारातून घडले. स्वरचक्रावर व्यंजने वर्णमालेच्या क्रमाने असतात. 'क' दाबून धरला की भोवती का, कि, की, को यांचे चक्र उमटते. अंगठा हव्या त्या अक्षराकडे सरकवून उचलायचा. 'घाटकोपर' लिहायला इनस्क्रिप्टवर शिफ्ट न मोजता सात कळा लागतात. इथे घा, ट, को, प, र असे पाच स्पर्श पुरतात, म्हणजे अक्षरे मोजावीत तितकेच. 'स्' लिहून 'ट' धरला, तर चक्रात स्ट, स्टा, स्टे दिसू लागतात.

या रचनेतले खरे शहाणपण काय बदलायचे नाही, हे ठरवण्यात आहे. चक्रातली अक्षरे बदलतात, पण व्यंजनाची जागा आणि मात्रेची दिशा कायम राहते, म्हणून बोटांना सवय जडते. वापर पाहून बटणांच्या जागाच हलवणारी साधने हुशार वाटतात खरी, पण ती दर वेळी माणसाला पुन्हा शोधायला लावतात.

घाटकोपरला 2014 च्या जूनपासून मेट्रो आणि लोकल यांची गर्दी एकत्र येते. तिथल्या डब्यात एक हात कडीला, दुसऱ्यात फोन, मोकळा फक्त अंगठा. बोलून लिहिण्याची सोय आहे, पण घरची गोष्ट भरल्या डब्यात मोठ्याने कोण सांगणार? डिझाइनची ओढ असलेल्या तरुण इंजिनिअरने पवईच्या प्रयोगशाळेइतकाच वेळ या डब्यातही काढावा. कोण कुठे अडतो, काय खोडतो, कंटाळून रोमन लिपीकडे कधी वळतो, हे विचारून कळत नाही; शेजारी उभे राहून पाहावे लागते.

असे पाहिले की बारीक गोष्टी हाती लागतात. हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या कळफलकांवर 'ऱ्या' सहज सापडत नाही, म्हणून लोक 'दुसर्या' लिहून पुढे जातात. पण हा फरक अर्थाचाही आहे: मराठीत दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या डोंगरातल्या. 'बॅग'मधल्या ॲचीही तीच गत. हिंदीसाठी बरा असलेला कळफलक मराठीसाठी अपुरा पडतो तो इथे, आणि मराठीसाठी काम करणाऱ्याने चाचणीच्या पहिल्याच दिवशी ही अक्षरे लिहून घ्यायला हवीत.