व्हायरस गेला, हुकूम राहिले

संगणक सुरू करणे म्हणजे एक बटण दाबणे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः बटण दाबल्यापासून पडद्यावर ओळखीचे चित्र उमटेपर्यंत यंत्राच्या अंतर्भागात बरीच धावपळ चालू असते. जुन्या पद्धतीचा संगणक प्रथम आपली स्मृती व जोडलेली साधने तपासून घेतो. मग हार्ड डिस्कच्या अगदी पहिल्या खणात लिहिलेली सूचना वाचतो आणि तिच्या आधारे विंडोजला जागे करतो. सर्वांत शेवटी तो काही याद्या उघडतो. ‘सुरू होताच अमुक चालवावे, तमुक उघडावे’ असे कायमचे हुकूम या याद्यांत लिहून ठेवलेले असतात. ते एकामागून एक वाचून यंत्र निमूटपणे पाळते. हुकूम कोणी लिहिला, केव्हा लिहिला, लिहिणारा अद्याप घरात आहे की नाही, याची चौकशी ते करीत नाही.

संगणकाच्या व्हायरसचा सारा डोळा याच प्रारंभीच्या वेळेवर असतो. १९८६ साली लाहोर येथील दोन भावांनी ‘ब्रेन’ नावाचा व्हायरस तयार केला. आयबीएम धर्तीच्या संगणकांवरील पहिला व्हायरस म्हणून त्याची नोंद आहे. या भावांनी त्यात आपले नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांकही लिहून ठेवला होता. हा व्हायरस फ्लॉपीच्या पहिल्या खणात, म्हणजे यंत्र सर्वांआधी जिथे पाहते त्या जागी, मुक्काम करीत असे. पुढे ६ मार्च १९९२ या तारखेची धास्ती सगळ्या जगाला लावणारा ‘मायकेलॅंजेलो’ व्हायरसही याच जागी राहणारा होता. फ्लॉपीचे दिवस सरले तेव्हा व्हायरसांनी बिऱ्हाड हलविले व ते प्रारंभीच्या याद्यांत शिरले. मे २००० मध्ये फिलिपाइन्समधून निघून ‘आय लव्ह यू’ या मथळ्याच्या पत्राने जगभर पसरलेल्या व्हायरसने अशाच एका यादीत आपली नावे लिहून ठेवली होती. यंत्र बंद झाले की व्हायरसही थांबतो. म्हणून दुसऱ्या दिवशी आपल्याला पुन्हा हाक मारण्याची तजवीज त्याला आधीच करून ठेवावी लागते.

हे सारे विवेचन आम्ही आज शांतपणे करीत आहोत. परंतु २०१३ च्या पावसाळ्यात ते जाणून घेण्याची वेळ आमच्यावर आली, तेव्हा मन इतके शांत नव्हते.

आमच्या घरी २००६ साली घेतलेला, विंडोज एक्सपीवर चालणारा एक संगणक होता. बाजारभावाने त्याची किंमत शून्य होती. मात्र त्याच्या पोटात सात वर्षे टंकलेला मजकूर साठविलेला होता. वसईच्या आमच्या परिसरातील सामवेदी बोलीतील शब्द, म्हणी व लग्नप्रसंगी बायका म्हणतात ती गाणी आम्ही घरोघरी जाऊन उतरवून घेतली होती. ज्यांच्या तोंडून ती ऐकली, त्यांपैकी तिघी आजीबाई तोवर देवाघरी गेल्या होत्या. त्यांच्याकडे पुन्हा जाऊन ‘ती दुसरी ओळ काय होती?’ असे विचारण्याची सोय उरली नव्हती.

‘मग हा मजकूर दुसऱ्या संगणकावर उतरवून का घेतला नाही?’ असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. फायलींच्या प्रती आमच्याकडे होत्याच. परंतु त्या काळी मराठी टंकलेखनासाठी जी पॅकेजेस मिळत, त्यांची रीत निराळी होती. त्यांत रोमन अक्षरांच्या घरांत देवनागरीचे आकार बसविलेले असत. फाइलमध्ये साठे तो केवळ घरांचा क्रमांक; त्या घरात ‘क’ राहतो की ‘ळ’, हे त्या विशिष्ट फॉंटलाच ठाऊक असे. फॉंट नसलेल्या यंत्रावर तीच फाइल उघडली, तर आजीबाईंच्या गाण्याच्या जागी रोमन अक्षरांचा व चिन्हांचा निरर्थक काला दिसे. शिवाय आमच्या पॅकेजला प्रिंटरच्या जोडणीत खोचावयाचे एक कुलूप होते आणि ज्या सीडीवरून ते बसविले होते, ती बुरशीने निकामी झाली होती. म्हणजे तो मजकूर वाचू शकणारे यंत्र आमच्यापाशी तेवढे एकच होते.

या यंत्रात पेन ड्राइव्हवाटे व्हायरस आला. त्या काळी पेन ड्राइव्हवर ‘ऑटोरन’ नावाची एक लहानशी फाइल लपलेली असे. ड्राइव्ह खोचला किंवा त्याच्या चित्रावर दोनदा टिचकी मारली, की त्या फाइलीत लिहिलेला कार्यक्रम चालू होई. मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २०११ मध्ये पेन ड्राइव्हपुरती ही सोय बंद करणारी दुरुस्ती इंटरनेटवरून पाठविली खरी. परंतु आमच्या यंत्राला इंटरनेटची जोडणीच नव्हती, त्यामुळे ती तिथवर पोहोचली नाही.

आमचा भाचा नव्या व्हायरसांची ओळख असलेला अ‍ॅंटिव्हायरस सीडीवर घेऊन आला. यंत्र सुरू होताना एफ-८ ची कळ दाबून त्याने ते ‘सेफ मोड’मध्ये उघडले. या अवस्थेत विंडोज अगदी आवश्यक तेवढेच कार्यक्रम चालविते. दोन तासांच्या तपासणीनंतर अ‍ॅंटिव्हायरसने व्हायरसच्या फायली शोधून पुसून टाकल्या आणि यंत्र निर्धोक झाल्याचा निर्वाळा दिला. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला.

दुसऱ्या दिवशी यंत्र सुरू केले, तेव्हा पडद्याच्या मधोमध एक चौकट उभी राहिली. अमुक नावाची फाइल सापडत नाही, अशी तिची तक्रार होती. ती मिटविली, तोच ‘माय डॉक्युमेंट्स’ हा कप्पा कोणी न सांगता आपोआप उघडला. असे दररोज होऊ लागले. याद्या तपासाव्यात म्हणून भाच्याने रजिस्ट्री, म्हणजे विंडोजचे मुख्य दप्तर, उघडू पाहिले. तर ‘प्रशासकाने यास मनाई केली आहे’ असे उत्तर मिळाले. त्या यंत्राचे प्रशासक आम्हीच होतो! ही मनाई व्हायरसने जाण्यापूर्वी आमच्या नावाने लिहून ठेवली होती.

दुरुस्ती करणाऱ्या एका दुकानदाराने यावर सोपा उपाय सांगितला : ‘फॉरमॅट मारा, अर्ध्या तासात यंत्र नवे होईल.’ अनेकांच्या बाबतीत हा सल्ला योग्यच ठरतो. परंतु आमच्या बाबतीत फॉरमॅट म्हणजे सगळी डिस्क पुसणे, डिस्कबरोबर फॉंटचे पॅकेज जाणे आणि पॅकेजबरोबर गाणी मुकी होणे. म्हणून सावकाशीचा मार्ग पत्करण्यावाचून गत्यंतर नव्हते.

भाच्याने प्रथम ती मनाई उठविली. विंडोजच्या ‘रन’ या चौकटीत एका ओळीची आज्ञा देऊन त्याने मनाईपुढील १ चा आकडा ० केला, आणि दप्तर उघडले. लगेच त्याची एक प्रत काढून ठेवली. त्यानंतर ‘एमएसकॉन्फिग’ हे साधन उघडून त्याने आम्हांस एक यादी दाखविली. यंत्र सुरू होताच काय काय चालवावयाचे, त्याची ती यादी होती आणि प्रत्येक नावापुढे बरोबरची खूण होती. त्यातच ती न सापडणारी फाइल होती. अ‍ॅंटिव्हायरसने फाइल पुसली होती. तिला हाक मारण्याचा हुकूम मात्र यादीत तसाच राहिला होता. यंत्र रोज इमानाने हाक मारी, उत्तर येत नसे आणि ते आमच्याकडे तक्रार करी. खूण काढताच चौकट बंद झाली.

याच यादीत आणखी एक विचित्र नाव होते : पाच-सहा अक्षरांचे, ना इंग्रजी ना मराठी. भाचा म्हणाला, ‘‘मामा, हेही त्यातलेच दिसते. काढू का?’’ आम्ही म्हटले, ‘‘थांब बाळा, आधी हे कोणाचे आहे ते पाहू.’’ त्या फाइलीच्या गुणधर्मांचा कप्पा उघडला, तर तिची तारीख २००६ ची निघाली. केवळ तारखेवर विसंबून चालत नाही, कारण व्हायरसला तारीखही खोटी लिहिता येते. म्हणून ती फाइल कोणत्या कप्प्यात ठेवली आहे आणि तिच्यावर कोणत्या कंपनीचे नाव आहे, हेही पाहिले. ती आमच्या मराठी पॅकेजचीच फाइल होती! कळफलकावर मराठी अक्षरे उमटविण्याचे काम सात वर्षे ती बिनबोभाट करीत आली होती. तिच्यापुढची खूण काढली असती, तर यंत्र स्वच्छ दिसले असते. पण आमचे टंकलेखन त्याच दिवशी बंद पडले असते.

राहिला तो आपोआप उघडणारा कप्पा. त्याचा मागमूस या यादीत नव्हता. हुकूम एकाच यादीत नसतात, हे तेव्हा आम्हांस उमगले. काही ‘स्टार्टअप’ कप्प्यात असतात, काही ठरल्या वेळी चालावयाच्या कामांच्या यादीत असतात, काही सेवांच्या यादीत असतात. तर काही वापरणाऱ्याच्या प्रवेशाच्या वेळी लागणाऱ्या ‘विनलॉगॉन’ या दप्तरखान्यात असतात. तिथे ‘युजरइनिट’ नावाची एक नोंद असते. वापरणारा आत आला की त्याचे दालन मांडून देणाऱ्या कार्यक्रमाचा पत्ता तिच्यात लिहिलेला असतो व त्या पत्त्यानंतर एक स्वल्पविराम असतो. स्वल्पविरामापुढे आणखी एखाद्या कार्यक्रमाचे नाव लिहिले, तर यंत्र तोही चालविते. आमच्या यंत्रात या स्वल्पविरामापुढे व्हायरसने लिहिलेल्या नावाचा तुकडा शिल्लक होता. यंत्राला त्यातून काय अर्थ लागे ते यंत्रच जाणे. उघडावयाचे काही सापडत नसल्याने ते ‘माय डॉक्युमेंट्स’ उघडून मोकळे होई.

ही नोंद हाताळणे जोखमीचे असते. स्वल्पविरामाच्या अलीकडचा पत्ता चुकून पुसला गेला, तर वापरणाऱ्याला आत घेऊन यंत्र तत्क्षणी बाहेर काढते. मग दुरुस्तीसाठी आत शिरणेही कठीण होते. म्हणून भाच्याने मूळ नोंद आधी कागदावर उतरवून घेतली, मोठ्याने दोनदा वाचली, आणि मग स्वल्पविरामानंतरचा तेवढाच तुकडा पुसला. यंत्र पुन्हा सुरू झाले. पडद्यावर चित्र उमटले. चौकट नाही, कप्पा नाही. आम्ही गाण्यांची पहिली फाइल उघडली. अक्षरे जागच्या जागी होती.

या चार-पाच दिवसांनी आम्हांस एक गोष्ट शिकविली. व्हायरस काढणे हे एक काम आहे आणि त्याने लिहून ठेवलेले हुकूम काढणे हे दुसरे. पहिले काम अ‍ॅंटिव्हायरस दोन तासांत करतो, कारण वाईट फाइल कशी दिसते हे त्याला शिकविलेले असते. दुसऱ्या कामासाठी घरच्या माणसाला यादी घेऊन बसावे लागते, कारण कोणता हुकूम आपला आणि कोणता परक्याचा, हे त्यालाच सांगता येते. सगळे पुसणाऱ्याला ही मेहनत नको असते आणि सगळे तसेच ठेवणाऱ्यालाही. अनोळखी नाव म्हणजे वाईट नाव, असा हिशेब केला असता तर आम्ही आपल्याच हाताने गाणी गमावून बसलो असतो.

यंत्र सुधारताच आम्ही सारा मजकूर युनिकोडमध्ये आणावयास घेतला. युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला स्वतःची घरे मिळालेली होती. तेथे ‘क’ हा जगातल्या कोणत्याही यंत्रावर ‘क’च राहतो. रूपांतर करणारे कार्यक्रम मिळतात; मात्र ऱ्हस्व वेलांटी व रफार यांत ते चुकतात. जुन्या फॉंटमध्ये वेलांटी जशी दिसते तशी अक्षराच्या आधी टंकलेली असते, तर युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठविली जाते. म्हणून ओळ न् ओळ डोळ्यांखालून घालावी लागली. हे काम पुरे होण्यास दीड वर्ष लागले. त्या काळात, ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज एक्सपीची अधिकृत देखभालही थांबली. तोवर निम्म्याहून अधिक गाणी नव्या घरांत सुखरूप पोहोचली होती. आज त्यांच्या प्रती तीन निरनिराळ्या ठिकाणी आहेत.

वाचकहो, आपल्या घरातील संगणकातही अशी यादी आहे. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून ती ‘टास्क मॅनेजर’मध्ये हलविली गेली. कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकत्र दाबाव्यात आणि ‘स्टार्टअप’ हा भाग उघडावा. घरातल्या मुलाला वा मुलीला शेजारी बसवून ती यादी एकदा सावकाश वाचावी. प्रत्येक नावापुढे ते कोणाचे व कशासाठी, हे वहीत लिहून ठेवावे. आणि ज्याचा उलगडा होत नाही, ते पुसण्यापूर्वी एक दिवस थांबावे. आमची अशी वही अद्याप संगणकाच्या खणात आहे. तिच्या पहिल्याच पानावर, लाल शाईत, ते पाच-सहा अक्षरी विचित्र नाव लिहिले असून त्यापुढे भाच्याच्या अक्षरात शेरा आहे : ‘आपले आहे. काढू नये.’