ओसाका, अखेरचा आठवडा

ओसाकाचे जागतिक प्रदर्शन १३ ऑक्टोबर २०२५ ला मिटते आहे. माझ्याजवळ तिकीट होते, ऑगस्टात व्हिसाही हाती आला होता. प्रवेशाची वेळ मात्र आरक्षित केलेली नव्हती, आणि तिच्याविना आत सोडत नाहीत. चूक माझीच. अहिल्यानगरात बसून एप्रिलपासून ‘पुढच्या महिन्यात’ म्हणत राहिलो.

दिलासा एवढाच, की ही खोड जुनी आहे. १८५१ च्या लंडन प्रदर्शनात सर्वाधिक गर्दी उसळली ती ७ ऑक्टोबरला, अखेरच्या आठवड्यातच : एका दिवसात लाखाहून अधिक माणसे. तिथे कोहिनूरही मांडला होता. (त्याचे तेज लोकांना दिसेचना, म्हणून पुढल्या वर्षी त्याला नव्याने पैलू पाडले. लाहोरहून आणलेला हिरा असा आणखी घटला.)

काल रात्री अडीचला संध्याकाळची एक वेळ सापडली. दालनांच्या रांगा आता सोडून दिल्या आहेत. सोऊ फुजिमोतो यांचे सुमारे दोन किलोमीटर परिघाचे लाकडी वलय तेवढे पायी फिरायचे. खांबांतून आडव्या तुळया ओवण्याची जपानी मंदिरांची जुनी रीत त्यात वापरली आहे. आपला फराहबाग १५८३ पासून उभा आहे, परतल्यावरही असेल. ते वलय मात्र थोडा तुकडा वगळता उतरवणार आहेत.

मुंबईची गाडी रात्री दहाला. आईने दशम्या बांधल्या आहेत, बॅग अजून उघडीच आहे.