निफाडच्या मातीत सिसिलीची वेल

चिकलठाण्यात राहून वाइनवर बोलायची सोय नाही. ‘अगं, आपलं शहर बिअरचं!’ म्हणत ऑफिसची गँग गप्पच करते. पण एखाद्या वीकेण्डला वैजापूर, येवला करत नाशिकच्या दिशेने गाडी काढा. पैठण्यांची दुकानं मागे पडली की विंचूर लागतं. 2001च्या वाइन धोरणानंतर इथे वाइन पार्क आलं. त्यापुढे निफाड, आणि तिथे पाटील कुटुंबाची ‘रेव्हेलो’ वाइनरी.

या पट्ट्यातल्या बागायतदाराचा जीव टपोऱ्या मण्यात. मणी फुगावा म्हणून घड चक्क ‘जीए’ संजीवकात बुडवतात. वाइनचं गणित नेमकं उलटं: मणी बारीक हवा आणि वेलीवर मालही कमी. खाण्याच्या द्राक्षांवर पोसलेल्या गावाला हे पचणं सोपं नाही हो!

वेळापत्रकही आपलंच. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, पाऊस सरताना फळछाटणी, तोडणी जानेवारी ते मार्च. युरोपात तेव्हा वेली झोपलेल्या असतात.

कॅबर्ने, शिराझ तर सगळेच करतात. पाटलांनी ग्रिलो आणि नेरो द’आव्होला या सिसिलीच्या जातीही लावल्या, याचं मला जास्त कौतुक. सिसिली म्हणजे तापणारं बेट, तिथल्या वेलींना उन्हाचं काय अप्रूप? फ्रान्सची नक्कल करण्यापेक्षा हे निफाडला शोभणारं.

आईच्या लेखी मात्र ही शेवटी दारूच. थंडगार ग्रिलो अळूवडीबरोबर काय लागते, हे तिला सांगायची माझी अजून हिंमत नाही.