बुरोंडी ते दाभोळ : रमाईंच्या मुलखातली एक दिवसाची वाट

कोकण म्हटले की आपल्या समाजाला महाडचे चवदार तळे आणि आंबडवे ही नावे प्रथम आठवतात. त्यांच्या शेजारचा दापोली तालुका मात्र बहुतेकांना समुद्रकिनाऱ्यासाठीच माहीत असतो. वास्तविक दापोलीच्या कॅम्पात आपल्या चळवळीची पहिली पाने लिहिली गेली. पलटणीतून १८८६ मध्ये निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर येथेच राहिले आणि १८८८ मध्ये त्यांनी 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका लिहिली. सुभेदार रामजीबाबाही पेन्शनीनंतर मुलाबाळांसह येथे आले. बाबासाहेबांचे बालपणीचे काही दिवस याच गावात गेले. आणि जवळच वणंद, माता रमाईंचे माहेर.

हिवाळ्यातल्या एका रविवारी आम्ही लहानथोर मिळून नऊ जण वणंदला रमाईंच्या स्मारकास वंदन करून बुरोंडीला पोहोचलो. तेथून कोळथरेमार्गे दाभोळ बंदरापर्यंत पायी जायचे ठरले होते. किनाऱ्यावरच्याच एका वाडीतला तरुण वाटाड्या म्हणून सोबत घेतला होता. या वाटेला माहितगार माणूस हवाच. कड्याच्या कडेने जाणाऱ्या पाऊलवाटा गवतात हरवतात, आणि खाली समुद्र असल्याने चुकून चालत नाही.

बुरोंडीला डोंगरमाथ्यावर परशुरामाचा भव्य पुतळा आहे. परशुरामाने बाण मारून समुद्र मागे हटवला आणि ही भूमी निर्माण केली, ही कथा वाटाड्याने सांगितली. आमच्यातल्या एका शिक्षकांनी मुलांना शेजारचा तुटलेला कडा दाखवला. खाली काळा पाषाण आणि वर तांबडा जांभा. काळा थर म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. त्याच्या वरच्या भागाची पावसाने व उन्हाने झीज होऊन, लोह मागे राहून हा जांभा झाला. ही भूमी निसर्गाने घडवली, आणि तिच्यावर नारळी-पोफळी उभ्या केल्या त्या कष्टकऱ्यांनी. वाटाड्या हसला आणि म्हणाला, "गुरुजी, आम्हाला कुणी असं सांगितलंच नव्हतं."

पुढची वाट चढउताराची. एकदा सड्यावर चढायचे, म्हणजे कातळाच्या सपाट माळावर. तेथे वाळले पिवळे गवत, वारा, आणि उजव्या हाताला अथांग पाणी. मग उतरून एखाद्या वाडीत यायचे, पऱ्या ओलांडायचा आणि पुन्हा चढायचे. मधला काही भाग डांबरी सडकेनेही काटावा लागतो. कोळथऱ्याला वाडीत बसून आम्ही भाकरी, ठेचा आणि सुक्या जवळ्याची चटणी खाल्ली. मुलांनी वाळूवर धाव घेतली.

दुपारच्या चढणीवर सगळ्यांना धाप लागली. आमच्यातल्या साठी ओलांडलेल्या एक काकू दगडावर टेकल्या आणि वाटाड्याला म्हणाल्या, "बाबा, तू किल्ले सांगितलेस, देवळे सांगितलीस. पण डोईवर पाटी घेऊन ह्या चढणी कोण चढत होतं, ते नाही सांगितलंस."

तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "आमची आजी चढायची. मासळीची पाटी घेऊन, पहाटे अंधारात. पण ते पाहुण्यांना काय सांगायचं?"

तेव्हा काकूंनी त्याला रमाईंच्या वडिलांची हकीकत सांगितली. भिकू धुत्रे दाभोळ बंदरातून माशांच्या टोपल्या वाहून बाजारात पोहोचवीत. छातीचे दुखणे घेऊन ते हे काम करीत होते. आई आधीच गेलेली, पाठोपाठ वडीलही गेले, आणि पोरकी भावंडे मुंबईला भायखळ्यात नातलगांकडे आली. तेथेच १९०६ मध्ये भायखळ्याच्या बाजारात रमाईंचे बाबासाहेबांशी लग्न झाले. आम्ही रिकाम्या हातांनी चढताना दमत होतो. भिकूबाबांच्या डोईवर ओले ओझे होते. एवढे ऐकल्यावर आमच्यातली लहान मुलेही "अजून किती?" असे विचारायची थांबली.

उतरणीला दाभोळ दिसले. वाशिष्ठीच्या मुखावरचे हे बंदर बहामनी आणि आदिलशाही काळात फार मोठे होते. रशियन प्रवासी निकितिन पंधराव्या शतकात येथूनच परतीच्या गलबतावर चढला. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीजांनी हे शहर जाळले. घुमटाची देखणी मशीद काठावर अजून उभी आहे. धक्क्यावर मचवे लागले होते आणि बायका टोपल्या भरत होत्या. बंदरे राजांच्या नावाने ओळखली जातात. पण हमाल आणि मासळी वाहणाऱ्या बायका नसत्या, तर एकही गलबत रिकामे झाले नसते.

निरोप घेताना वाटाड्याने वणंदचा रस्ता नीट विचारून घेतला. पुढच्या पाहुण्यांना त्या चढणीवर थांबवून रमाईंच्या वडिलांची आणि आपल्या आजीचीही गोष्ट सांगेन, असे तो म्हणाला. आम्ही त्याला हातखर्च दिला, त्यापेक्षा ही देवाणघेवाण मोठी वाटली.

वाचक बंधुभगिनींनी ही सहल जरूर काढावी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने बरे. पावसाळ्यात कडे निसरडे होतात, तेव्हा जाऊ नये. सकाळी लवकर निघावे, माणशी दोन लिटर तरी पाणी, टोपी आणि पक्के बूट घ्यावेत, मुलांना कड्याच्या टोकाशी जाऊ देऊ नये. वाटाड्या गावातलाच घ्यावा, म्हणजे चार पैसे त्याच वाडीत राहतील. दुसरा दिवस हाताशी असेल तर याच तालुक्यातली पन्हाळेकाजीची २९ लेणी पाहावीत. त्यांतली आरंभीची लेणी बौद्ध आहेत. आणि जेथे जाल तेथे वाटाड्याला काकूंचा प्रश्न विचारावा. उत्तर बहुधा त्याच्याच घरात असते.