वारीच्या गर्दीत आमची पिशवी

2022 साली बकरीद आणि आषाढी एकादशी एकाच दिवशी, 10 जुलैला आली. ईद पंढरपूरच्या खालांकडे करायची म्हणून आम्ही आदल्या दिवशी सोलापूरहून निघालो. बरोबर अम्मी, मुले आणि चाकांची मोठी बॅग. वारीत गाड्या गावाबाहेरच थांबतात, हे ठाऊक असून ध्यानात घेतले नव्हते. चिखलात बॅगेचे चाक निखळले, वरून पावसाची सर आली. रस्त्याकडेला एक वारकरी आजी प्लॅस्टिकचा कागद पांघरून बसल्या होत्या. "या माउली, बसा हिथं," म्हणत त्यांनी अर्धा कागद अम्मींच्या डोक्यावर ओढला.

आळंदीहून सुमारे अडीचशे किलोमीटर चालत आलेल्या त्या आजींचे सगळे सामान एका पिशवीत होते. तोच कागद पावसात खोळ, रात्री अंथरुणाखाली, उन्हात सावली. आमच्या बॅगेत मात्र इस्त्रीचे कपडे आणि चपलांचे तीन जोड! खरेच लाज वाटली.

पुढच्या वर्षी, 29 जून 2023 ला, पुन्हा तोच योग आला. या वेळी खांद्यावर एकच पिशवी. शेतीच्या दुकानातून मीटरवर कापून आणलेला कागद वाटेत असरच्या वेळी ओल्या जमिनीवर जायनमाजखाली अंथरला. लोटा वजूलाही आणि पाणी प्यायलाही. मुलीच्या चपलेचा पट्टा तुटला तो सेफ्टी पिनेने जोडला. छत्री मुलांच्या हट्टाने घेतली होती, पण गर्दीत कुणाच्या डोळ्याला लागेल म्हणून उघडताच आली नाही.

खरी काळजी अम्मींच्या इन्सुलिनची होती. उष्णतेने ते निकामी होते आणि बर्फाला चिकटून गोठले तरी वापरता येत नाही. म्हणून ते स्टीलच्या घट्ट डब्यात ठेवून भोवती ओला सुती पंचा गुंडाळला. पंचा सुकत आला की लोट्यातले पाणी शिंपडायचे आणि डबा सावलीत धरायचा. खालांच्या घरी पोहोचेपर्यंत हेच चालले. घरी गेल्यावर डबा फ्रिजमध्ये आणि पंचा धुऊन दोरीवर.

कुर्बानीला तीन दिवसांची मुदत असते. खालांच्या मोहल्ल्याने दोन्ही वर्षी एकादशीचा दिवस सोडला. नमाज झाली, शेवया झाल्या, मग खाला दारापुढून जाणाऱ्या वारकऱ्यांना पाणी देत बसल्या.

निघताना आमचा कागद त्यांनी ठेवून घेतला. म्हणाल्या, "ओट्यावर कुणी ना कुणी भिजून येतंच." आम्ही सोलापुरात दुसरा आणला.