दप्तराचें स्थलांतर

बिऱ्हाड हलविण्याचा प्रसंग ज्यांच्यावर वारंवार आला आहे त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते. सामान किती होतें हें जुनें घर सोडतांना कळतें. पण काय हरवलें हें कळावयास नव्या घरांत पहिला सण यावा लागतो. होळीच्या दिवशीं पुरणयंत्र सांपडत नाहीं, आणि मग तें कोणत्या खोक्यांत भरलें होतें यावर घरांत दोन पक्ष पडतात. आम्हीं आजवर चार बिऱ्हाडें हलविलीं. परंतु ज्या स्थलांतराची आठवण आम्हांस अद्यापि स्वस्थ बसूं देत नाहीं त्यांत भांडीं नव्हतीं कीं गाद्या नव्हत्या. तें स्थलांतर होतें एका तालुक्याच्या सातबाऱ्यांचें. जुन्या संगणकप्रणालींतून तें दप्तर नव्या प्रणालींत न्यावयाचें होतें, आणि नेणाऱ्या चार-पांच जणांत आम्ही एक होतों.

या दप्तराला प्रवासाची संवय नव्हती असें मात्र नाहीं. मोडी मागें पडून बाळबोध आली तेव्हां तें एकदां हललें. मोडींत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळीत नसत, त्यामुळें बाळबोधींत उतरवून घेणाऱ्या कारकुनाच्या मर्जीप्रमाणें कोणाची वेलांटी लांबली, कोणाची आंखडली. पुढें १९५७ सालीं दशमान नाणीं आलीं आणि आकाराच्या रकान्यांतील आणे-पै जाऊन तेथें पैसे आले. एका आण्याचे सव्वासहा पैसे हा हिशेब कोणालाच आवडला नसावा. मग एकर-गुंठे गेले, हेक्टर-आर आले. गुंठा आणि आर हे जवळजवळ सारखेच; पण त्या ‘जवळजवळ’मध्यें किती भाऊबंदकी मावते हें दिवाणी न्यायालयांच्या पायऱ्या झिजविणाऱ्यांस विचारावें. तथापि हीं सारीं स्थलांतरें कागदावरून कागदावर झालीं. मागचा कागद रुमालांत बांधून ठेवलेला असे. शंका आली कीं गांठ सोडून पाहावें.

कागदावरून यंत्रांत जाण्याचा पहिला प्रयोग केंद्र सरकारनें १९८८-८९ मध्यें देशांतील आठ जिल्ह्यांत केला. त्यांत महाराष्ट्राचा वर्धा जिल्हा होता. त्या दिवसांत संगणकाला देवनागरी शिकविणें हेंच मोठें काम होतें, आणि पुण्याच्या सी-डॅक या संस्थेनें तें मनावर घेतलें म्हणून आपल्या भाषेची सोय झाली, हें कृतज्ञतेनें सांगितलें पाहिजे. परंतु पुष्कळ ठिकाणीं जी पद्धत रूढ झाली ती अक्षरें साठविण्याची नव्हती, अक्षरांचीं चित्रें साठविण्याची होती. म्हणजे डोळ्यांना ज्या क्रमानें खुणा दिसतात त्या क्रमानें त्या यंत्रांत जावयाच्या. पहिली वेलांटी उच्चारांत व्यंजनामागून येते, पण दिसते आधीं; म्हणून ती आधीं साठवावयाची. रफार उच्चारांत आधीं, पण दिसतो शेवटीं. म्हणून तो शेवटीं. छपाईपुरतें सर्व ठीक. अडचण आली ती युनिकोड नांवाच्या जागतिक संकेतांत हें सारें नेण्याची वेळ आली तेव्हां, कारण तेथें अक्षरें उच्चाराच्या क्रमानें ठेवावीं लागतात. प्रत्येक वेलांटी उचलून मागें न्यावयाची, प्रत्येक रफार उचलून पुढें आणावयाचा. आमच्या पहिल्या तालमींत ‘दुर्गा’चें ‘दुगार्’ झालें आणि गांवोगांवचे ‘शर्मा’ ‘शमार्’ होऊन बसले. आम्ही पोट धरून हांसलों. हांसण्याचे तेवढेच दिवस होते.

कारण पुढें आला तो ज्याला कोणी पापणीतला र म्हणतात तो. या लेखाच्या पहिल्याच शब्दांत वाचकांच्या दृष्टीस पडलेला. बिऱ्हाड, वऱ्हाड, कऱ्हाड, गोऱ्हे आणि खुद्द सातबाऱ्यांचा, या सर्वांत तो आहे. मराठी माणसाला ‘बिर्हाड’ असें रफार देऊन लिहिलेलें दाखविलें तर तो लिहिणाऱ्याचें गांव विचारील. युनिकोडांत हा र दोन प्रकारांनीं लिहितां येतो. खालीं टिंब असलेला र घेऊन त्याचा पाय मोडावा, हा एक. साधा र घेऊन पाय मोडावा आणि पुढें एक अदृश्य जोडखूण ठेवावी, हा दुसरा. डोळ्यांना दोन्ही अगदीं एक. यंत्राला मात्र ते दोन भिन्न शब्द. एकाच गांवचे दोन कऱ्हाडकर, सख्खे भाऊ, एकाचें नांव एका टंकलेखकानें एका रीतीनें चढविलेलें, दुसऱ्याचें दुसऱ्या रीतीनें. नांव घालून शोध केला कीं एकच भाऊ सांपडावयाचा. हा दोष उमगावयास आम्हांस तीन आठवडे लागले, आणि तो काढल्यावर आमच्या मनांत जो गर्व झाला त्याची फेड पुढें व्हावयाची होती.

गर्वाचें कारण असें कीं आमच्या तपासण्या एकजात जुळल्या. जुन्या प्रणालींतील खात्यांची संख्या आणि नव्या प्रणालींतील संख्या एक. क्षेत्राची बेरीज एक. आकाराची बेरीज पैशापर्यंत एक. आम्हीं अहवाल लिहिला, वरिष्ठांनीं सही केली, आणि कोणी तरी पेढे आणले.

आतां अपराधाची गोष्ट. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ नांवाचा एक रकाना असतो. जमीन कोणाची हें शेजारच्या रकान्यांत. परंतु त्या जमिनीवर आणखी कोणाचें काय आहे, म्हणजे कूळ, सोसायटीचा बोजा, वाट, विहिरींतील पाण्याचा हिस्सा, विधवेची पोटगी, हें सारें या एका रकान्यांत दाटीवाटीनें बसतें. त्याची बेरीज करतां येत नाहीं. जुन्या पद्धतींत एका खुणेला यंत्राच्या स्मृतींतील एक घर, म्हणजे एक बाइट, पुरत असे. युनिकोड ज्या रीतीनें आम्हीं साठविलें त्या रीतींत देवनागरीच्या एका खुणेला तीन बाइट लागतात. आम्हांस हें पुस्तकांतून माहीत होतें. तरीही नव्या रकान्याची रुंदी ठरवितांना जुनी मोजली, ती दुप्पट केली, आणि आपण उदार झालों या समाधानांत राहिलों. ज्या नोंदी आंखूड होत्या त्या सुखरूप उतरल्या. ज्या लांब होत्या त्यांचीं शेपटें तुटलीं. यंत्रानें तक्रार केली नाहीं, कारण काम अडूं नये म्हणून रुंदीबाहेरचा मजकूर सोडून देण्याची आज्ञा आम्हींच त्याला दिली होती. जी नोंद शेवटीं झालेली ती रकान्याच्या शेवटीं. आणि शेवटीं कोणाची नोंद होते? सोसायटीची नव्हे, बँक आपलें नांव वेळेवर चढवून घेते.

२०१७ च्या उन्हाळ्यांत महसूल खात्यानें चावडीवाचन योजिलें. गांवकऱ्यांना जमवून संगणकावरचे सातबारे मोठ्यानें वाचून दाखवावयाचे, आणि चूक असेल ती त्यांनीं सांगावयाची. आमच्यासारख्या यंत्रवाल्यांना हा प्रकार थोडा पुराणकालीन वाटला. इतक्या तपासण्या झाल्यावर पुन्हां पिंपळाच्या पाराखालीं बसून काय तपासावयाचें? एका गांवीं आम्ही केवळ कुतूहलानें गेलों. तलाठी एका गटाचा उतारा वाचून पुढच्याकडे वळणार तोंच बायकांच्या घोळक्यांतून आवाज आला.

“भाऊसाहेब, माझं नांव राहिलं वाचायचं.”

“आजी, कागदावर तुमचं नांव नाहीं.”

“नाहीं कसं? परत वाचा.”

त्यांनीं परत वाचलें. दुसऱ्यांदाही तें नव्हतें. म्हातारी चिडली नाहीं, ती म्हणाली, “म्हंजे भाचा खरं बोलत व्हता.” मग हळूहळू हकीकत बाहेर आली. बापानें आपल्या विहिरीच्या पाण्याचा चार आणे हिस्सा तिला दिला होता. तिच्या सासरचें रान बांधाला बांध लागून. चार दिवसांतून एक दिवस पाण्याची पाळी तिची. भाऊ असेपर्यंत कोणी हरकत घेतली नाहीं. त्या वर्षीं भाच्यानें नवा उतारा काढला, तिला दाखविला, आणि कागदावर तुझें पाणी नाहीं असें सांगून मोटारीच्या पेटीला कुलूप लावलें.

तलाठ्यानें कपाटांतून जुनें हस्तलिखित बाहेर काढलें. इतर हक्काच्या रकान्यांत सोसायटीचे दोन बोजे, वाटेची नोंद, आणि तळाशीं निळ्या शाईनें तिचें नांव फेरफार क्रमांकासह. नव्या उताऱ्यांत वाटेची नोंदही अर्धीच होती. शब्द मध्येंच संपला होता. आम्हीं तो तुटका शब्द पाहिला आणि रुंदीचा आंकडा आम्हांस आठवला. त्या पारावर तो आंकडा ठाऊक असलेले आम्ही एकटेच होतों. तिला तें सांगण्याचें धैर्य झालें नाहीं. रात्रीं वरिष्ठांना सांगितलें.

दुसऱ्या दिवशीं ज्या नोंदी रुंदीच्या नेमक्या टोकाला येऊन थांबल्या होत्या त्या सर्व आम्हीं शोधून काढल्या. त्या बोटांवर मोजण्याइतक्या नव्हत्या. एकेक नोंद हस्तलिखितावरून पुन्हां चढवावी लागली, आणि जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खालीं, म्हणजे लेखनप्रमाद म्हणून, तहसीलदारांचे आदेश घ्यावे लागले. प्रमाद कोणाचा तें आदेशांत लिहीत नाहींत.

म्हातारीचा दुरुस्त उतारा देण्यास आम्ही मुद्दाम तलाठ्याबरोबर गेलों. तिनें तो नातवाच्या हातीं दिला आणि मोठ्यानें वाचावयास लावला. पाणी हिस्सा चार आणे, तिचें नांव, फेरफार क्रमांक. तिनें मान हलविली, कागद चौघडी करून कनवटीला लावला, आणि आम्हांस बांधावर नेऊन मिरचीचें रान दाखविलें. रोपें उभीं होतीं, पण वाळून गेलेलीं.

“आन् हिचं काय, साहेब?” तिनें विचारलें.

तलाठ्यानें आमच्याकडे पाहिलें. कलम १५५ मध्यें मिरचीची तरतूद नव्हती.